मोजणारा कोण, घेणारा कोण?



जो पैसे घेतो, त्याच्या एकट्याच्या हाती मोजणी असू नये, एवढंच आज मला सांगायचं आहे. निमित्त इंटरनेटवरच्या जाहिरातींचं. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या सर्च इंजिनने क्लिकमागे पैसे घ्यायला सुरुवात केली, २००२ मध्ये गूगलने ती पद्धत उचलली. हा इतिहास तुम्हाला ठाऊक आहेच.

जाहिरातीवर क्लिक केली की ती जाहिरात कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोहोचते. तिथे आयपी पत्ता, ब्राउझर, कुकी आणि वेळ यांची नोंद पडते. समजा, एकाच पत्त्यावरून त्याच जाहिरातीवर एक क्लिक ११ वाजून ४ मिनिटं ७ सेकंदांनी झाली, दुसरी आठव्या सेकंदाला. हा बनावट क्लिक करणारा चोर का? ("हो!" हशा.) थांबा. डेस्कटॉपवर सगळं दोनदा दाबून उघडायची सवय असलेले आपले काका-मामा जाहिरातही दोनदाच दाबतात! (हशा.)

यावरून टेक्सारकानाची गोष्ट, थोडक्यात. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातलं हे शहर. तिथल्या लेन्स गिफ्ट्स या भेटवस्तूंच्या दुकानाने २००५ मध्ये गूगल, याहू वगैरेंवर दावा लावला, की बनावट क्लिकचे पैसे आमच्याकडून घेतले. पुढच्या वर्षी गूगलने ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. ग्राहकांच्या वाट्याला आलं ते पुढच्या जाहिरातींसाठीचं क्रेडिट! त्या दाव्यात न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी गूगलची यंत्रणा तपासली. प्रयत्न वाजवी आहेत, असा निर्वाळा त्यांनी दिला. पण डबल-क्लिकमधल्या दुसऱ्या क्लिकचेही पैसे २००५ च्या सुरुवातीपर्यंत लागत होते, हेही त्यांच्याच अहवालात आहे. पुढे नियम बदलला आणि तीच क्लिक फुकट झाली. ठरवलं कोणी? मोजणाऱ्याने.

मागून एक गृहस्थ म्हणताहेत, एकसारख्या क्लिक येणारे पत्ते सरळ बंद करा. नाही हो! मोबाइल कंपन्या कितीतरी ग्राहकांना मिळून बाहेर एकच पत्ता दाखवतात. एकासाठी सगळ्यांना दार लावणार? आणि खरा ठक असा सापडतही नाही. २०११ मध्ये एफबीआयने उघडकीला आणलेल्या एस्टोनियातल्या टोळीने सुमारे ४० लाख संगणकांत शिरून लोकांच्या क्लिक भलतीकडे वळवल्या आणि किमान १ कोटी ४० लाख डॉलर कमावले. घर खरं, माणूस खरा, चोरली होती ती फक्त वाट.

चिठ्ठी आली, दोनच मिनिटं उरली. टेक्सारकानाने फार वेळ घेतला, म्हणून आता मुद्द्यावरच येतो.

आपल्याकडे वर्तमानपत्रांचा खप तपासायला १९४८ पासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स आहे. प्रकाशक, जाहिरातदार, जाहिरात संस्था सगळे त्यात बसतात. क्लिकच्या बाबतीत मात्र गावातल्या दुकानदाराला अवैध क्लिकचा नुसता आकडा दिसतो. कोणती वगळली, कोणती धरली, का धरली, हे त्याला कळत नाही. नियम उघड केले तर ठक शहाणे होतील, असं कंपन्या म्हणतात. मान्य! मग नियम तिऱ्हाईत तपासनिसाला दाखवा आणि क्लिकवार यादी बिलासोबत द्या. मी कंपन्यांच्या विरोधात बोलत नाही, हिशेबाच्या बाजूने बोलतोय.

तोवर आपल्या वेबसाइटवरची नोंद स्वतः जपून ठेवा, दर महिन्याला बिलाशी ताडून पाहा आणि तफावत दिसली की लेखी खुलासा मागा. पैसे तुमचे आहेत, तेव्हा हिशेब मागायचा हक्कही तुमचाच आहे.