आपोआप धरणारा ब्रेक



ब्रेक लागत नाही म्हटलं की माणूस त्याच दिवशी गॅरेज गाठतो. ब्रेक सुटत नाही, त्याची गाडी मात्र महिना-महिना तशीच पळत असते. 'जरा जड चालते, ॲव्हरेज कमी झालंय, पण ब्रेक एकदम कडक आहे बघा,' असं मालक समाधानानं सांगतो. आज मी या दुसऱ्या ब्रेकबद्दल बोलणार आहे. आजऱ्याच्या माणसाला सावंतवाडीला जायचं तर आंबोलीचा घाट उतरावा लागतो, आणि सुटत नसलेला ब्रेक घाटात न लागणारा ब्रेक होतो.

लायनर किंवा पॅड सतत घासत राहिले की चाक तापतं आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ओलावा मुरला की ते १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. मग पेडल दाबलं की आधी वाफच दबते, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. आमच्या भागातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जुनं ऑइल इथं लवकर खराब होतं.

एका पावसाळ्यात घाट चढून आलेली एक गाडी माझ्यासमोर उभी राहिली. इंजिन ओढत नाही म्हणून तिची क्लच प्लेट आधीच बदलून झाली होती. तासभर थांबली की गाडी मोकळी, पाच-सहा किलोमीटर चालली की पुन्हा जड. चारही चाकं तापलेली होती. चारही चाकांचे ब्रेक एकदम बिघडत नाहीत, म्हणजे दोष चाकांत नव्हता, वर होता. विचारल्यावर कळलं, महिन्यापूर्वी मास्टर सिलिंडर नवा बसवला होता.

मास्टर सिलिंडरात एक अगदी बारीक भोक असतं. पेडल सोडल्यावर आतला पिस्टन पूर्ण मागे आला तरच ते उघडतं आणि तापून फुगलेलं ऑइल वरच्या बाटलीत परत जातं. त्या गाडीत पिस्टनला ढकलणारा रॉड केसभर लांब बसला होता. भोक झाकलेलंच राहायचं. ऑइल तापलं की फुगायचं, वाट नाही म्हणून ब्रेकच दाबायचं, त्यानं चाक आणखी तापायचं. रॉडला योग्य मोकळीक दिली आणि गाडी सुटली. ब्रेक लाईटचा स्विच फार पुढे बसवला, किंवा पायाखालची मॅट पेडलला अडली, तरी हेच होतं. म्हणून ब्रेक धरतोय असं वाटलं की आधी गाडीमागे जाऊन बघा, पाय काढल्यावर लाल दिवा विझतो का. विझत नसेल तर पेडल पूर्ण मागे येत नाही; विझला तरी रॉड आणि स्विच तपासायला हवेत.

एकच चाक धरत असेल तर शोध वेगळा. गाडी सपाट जागी घ्या, बाकीच्या चाकांना दगड लावा, जॅकवर उचलून खाली स्टँड द्या आणि चाक हातानं फिरवा. डिस्क ब्रेकचं चाक किंचित घासतं, तो दोष नव्हे. चाक खरंच अडत असेल, तर मिस्त्रीला त्या चाकाच्या ब्रेकचा, ऑइल सोडायचा निपल थोडा सैल करायला सांगा. ऑइल गरम असतं आणि जोरात उडतं, म्हणून चेहरा दूर ठेवा. निपल सैल करताच चाक मोकळं झालं तर ऑइलचा दाब अडकलाय. तसंच राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन, त्याच्या पिना किंवा ड्रममधली स्प्रिंग गंजलेली आहे. दाब अडकला असेल तर रबरी होज पाइप तपासा. बाहेरून नव्यासारखा दिसणारा होज आतून फुगतो. पेडलच्या जोरानं ऑइल आत जातं, पण परत येत नाही. ही तपासणी चाक धरलेलं असतानाच करायची. गाडी गार झाली की दोष लपतो, आणि मग अंदाजानं एकेक भाग बदलत बसावं लागतं. गिऱ्हाइकाचे सर्वात जास्त पैसे तिथं वाया जातात.

मागची दोन्ही चाकं धरत असतील तर पहिला संशय हँडब्रेकच्या केबलवर. पावसात आठ-आठ दिवस हँडब्रेक ओढून उभी केलेली गाडी जाम होते. मुंबईहून येऊन गणपतीभर गाडी दारात उभी करणाऱ्यांनी सपाट जागी ती गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा आणि हँडब्रेक मोकळा सोडावा.

आणखी एक. ब्रेकच्या बाटलीत इंजिन ऑइल कधीही ओतू नका. त्यानं आतले सगळे रबर फुगतात. मग वॉशर किट, होज, सगळंच बदलावं लागतं.

आंबोलीकडे निघालात की वाटेत गवसे गावाजवळ पाच मिनिटं गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, रिमला लावू नका. एखाद्या चाकाची धग बाकीच्यांपेक्षा जास्त लागली, तर घाट उतरू नका. मागे फिरा, आजऱ्यात गाडी दाखवा आणि मगच जा.