सांध्यावरचा ताळा

दिवसअखेर रोजकीर्दीची बेरीज मारून ती पेटींतील रोकडीशीं ताडून पाहण्याची चाल आपल्या पेढ्यांवर फार जुनी आहे. ताळा जुळल्यावांचून चांगला मुनीम घरीं जात नसे. आज लाखों नोंदी क्षणार्धांत एका संगणकांतून दुसऱ्यांत जातात. तेव्हां या शिस्तीचें कारण उरलें नाहीं, असें कित्येकांस वाटतें. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे.

ठिकठिकाणीं तयार होणारी माहिती गोळा करून, तिला एक आकार देऊन, ती ज्याला हवी त्याच्या हातीं पोंचविणें, या कामास अभियंते ‘डेटा इंटिग्रेशन’ म्हणतात. या कामांतील खरें भय कोणतें, हें इंग्लंडांत २०२० सालीं दिसून आलें.

कोविडच्या सांथींत तेथील खाजगी प्रयोगशाळा आपले निकाल साध्या मजकुराच्या फाइलींतून पब्लिक हेल्थ इंग्लंड या तेव्हांच्या सरकारी संस्थेकडे पाठवीत. तेथें ते आपोआप एक्सेलच्या तक्त्यांत भरले जात व पुढें मध्यवर्ती नोंदींत जात. त्या नोंदींवरून रोजचे आकडे प्रसिद्ध होत, आणि बाधितांच्या सहवासांत आलेल्यांचा शोध घेणारेही त्यांच्याच आधारें काम करीत. हे तक्ते जुन्या धाटणीचे होते. अशा एका तक्त्यांत ६५,५३६ पेक्षां अधिक ओळी मावत नाहींत. एकेका निकालास अनेक ओळी लागत. म्हणून एका तक्त्यांत सुमारें १,४०० रुग्णच बसत. रुग्ण वाढले, तक्ता भरला, आणि उरलेले बाहेर राहिले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांत १५,८४१ रुग्ण दैनिक आकड्यांतून गळले.

त्या रुग्णांस स्वतःचे निकाल मिळाले होते. परंतु त्यांच्या सहवासांत आलेल्या माणसांचा शोध लांबणीवर पडला. सांथींत असा एकेक दिवस किती मोलाचा असतो, हें सांगावयास नको. पुढें मोठ्या फाइलींचे लहान भाग पाडून भरणा करण्यांत येऊं लागला.

या प्रकरणांत तक्ता अपुरा पडला, याहून तो मुकाट्यानें अपुरा पडला, ही गोष्ट अधिक घातक होती. काम बंद पडलें असतें, तर त्याच दिवशीं कोणीतरी धांवून आलें असतें. अर्धवट झालेलें काम मात्र पुऱ्या झालेल्या कामासारखेंच दिसतें.

यावर उपाय मुनिमाचाच आहे. माहिती जेथें एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते, त्या प्रत्येक सांध्यावर किती नोंदी निघाल्या व किती पोंचल्या, याचा ताळा यंत्रानेंच पाहावा. आणि तो न जुळल्यास जबाबदार माणसास तत्काळ कळवावें. मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवावी, म्हणजे भरणा पुन्हां करतां येतो. प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक असावा, म्हणजे दुसऱ्यांदा भरतांना एकच माणूस दोनदां मोजला जात नाहीं. शिवाय नेहमींच्या कितीतरी पट माहिती आधींच घालून पाहावी, म्हणजे भांड्याचें माप संकटापूर्वीं कळतें.

कोणी म्हणेल, ताळ्यासाठीं सारा ओघ अडवला तर चांगल्या नोंदीही खोळंबतील. ही शंका रास्त आहे. म्हणून ज्या नोंदी घेतां येत नाहींत, त्या बाजूस काढून ठेवाव्या, बाकीच्या पुढें जाऊं द्याव्या, आणि बाजूस किती राहिल्या तो आंकडा रोज सर्वांच्या दृष्टीस पडेल असा मांडावा. शिल्लक राहणें हा दोष नव्हे. शिल्लक लपणें हा दोष आहे.

श्रोतेहो, तक्त्यांतील प्रत्येक ओळीमागें एक माणूस उभा असतो. ओळ गळली म्हणजे तो माणूस गळला; आणि तो गळला आहे, हें सांगणारें ताळ्यावांचून दुसरें कोणीही नसतें.