डोळ्यांतला पाहुणा



कामगारांच्या कार्यकर्त्याने पगारवाढीवर बोलावे. त्याने डोळ्यांच्या भिंगावर का बोलावे, असे आपणांस वाटले असेल. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही अर्ध्यावर सुटलेली. जे कळले ते वाचून आणि जाणत्यांना विचारून. पण आमच्या एका सोबत्याच्या मुलीचे लग्न जमवायचे होते. चष्मा दिसू नये म्हणून तिने बाजारातून रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स आणल्या. डोळे कोणी तपासले नाहीत. ती लेन्स घालूनच झोपू लागली. डोळा लाल झाला. चार दिवस घरचेच उपाय चालले, आणि अखेर बुबुळावर फूल पडले. तेव्हापासून हा विषय आम्हांस पगाराइतकाच मोठा वाटतो.

हे भिंग काही वैरी नव्हे. १८८८ साली फिक नावाच्या डॉक्टरने डोळ्यावर बसणाऱ्या काचेच्या भिंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. ते काही तासच सोसवे. पुढे १९६१ च्या नाताळात ओटो विख्टर्ले या चेक रसायनशास्त्रज्ञाने मऊ भिंगे ओतण्याचे यंत्र घरीच जुळविले. मुलाच्या खेळण्याचे सुटे भाग, त्यांना सायकलचा डायनामो! हाताने काम करणाऱ्यास अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

परंतु भिंग हा डोळ्यांतला पाहुणा आहे. बुबुळावरील पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. उघड्या डोळ्यात तो मुख्यत्वे हवेतूनच प्राणवायू घेतो. वर भिंग बसले की त्याचा श्वास थोडा अडतो. झोपेत पापणीही मिटली की दुहेरी कोंडी होते. सिलिकॉन हायड्रोजेलच्या भिंगांतून प्राणवायू अधिक जातो. तरीही पाहुण्याने रात्री मुक्कामास राहू नये.

मापाशिवाय आपण वहाणही घेत नाही. भिंग डोळ्याच्या गोलाईस बसले पाहिजे, आणि चष्म्याचा नंबर तोच भिंगाचा असे नेहमी नसते. म्हणून आधी तपासणी. आपल्याकडच्या वैशाखातल्या कोरड्या वाऱ्यात ज्याचे डोळे चुरचुरतात, त्याने ते डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. परवडत असेल तर रोज टाकून देण्याची भिंगे बरी. इतरांनी हात धुऊन, पुसून कोरडे करावेत आणि भिंगांसाठी औषधी द्रव रोज ताजा घ्यावा. नळाचे, विहिरीचे वा कन्हानचे पाणी भिंगास लागू देऊ नये. त्यातील सूक्ष्म जीव बुबुळ पोखरू शकतात.

आता कारखान्यातील गोष्ट. वेल्डिंगच्या प्रकाशाने भिंग बुबुळास चिकटते, ही अफवा आहे. पण भिंग म्हणजे ढाल नव्हे. राखेचा वा भुशाचा कण भिंगाखाली शिरला तर बुबुळास ओरखडा पडतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने, ३५ व्या कलमात, डोळ्यांस धोका असलेल्या कामासाठी गॉगल किंवा पडदा देण्याचे बंधन मालकावर घातले. म्हणून, मित्रांनो, नंबर असलेल्या कामगारास नंबरचाच संरक्षक चष्मा मिळावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागले, तर भिंग तत्काळ काढावे व त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. चार दिवस थांबण्याची किंमत आम्ही पाहिली आहे.

आणि आईबापांनो, शेवटचे एक सांगतो. ज्या घरास सुनेच्या चष्म्याची लाज वाटते, त्या घरात मुलगी न दिलेलीच बरी!