पुण्याच्या मैदानावरचे तीन मोठे



पुण्याने सगळ्यांत मोठा क्रिकेटपटू कोणता पाहिला, हा वाद मंडईच्या या परिसरात कित्येक पिढ्या चालत आला आहे. वाद बहुतेक वेळा आकड्यांवर येऊन थांबतो. कोणी ४४३ म्हणतो, कोणी दुसरा आकडा सांगतो, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचं म्हणणं टिकतं. आज मला हा प्रश्न गंभीरपणे घ्यायचा आहे, कारण वेगवेगळ्या काळातल्या माणसांना शेजारी उभं करताना आपण एखाद्यावर अन्याय करत असतो आणि तो अन्याय आपल्याला दिसतही नाही.

हा वाद जगभर चालतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. जॉनी युनायटस या क्वार्टरबॅकने १९५६ ते १९६० या काळात सलग ४७ सामन्यांत टचडाउनचा पास दिला, आणि तो विक्रम २०१२ साली ड्र्यू ब्रीसने मोडेपर्यंत टिकला. मधल्या काळात, १९७८ साली, पास देणाऱ्याच्या सोयीचे नियम आले आणि हंगाम १४ सामन्यांवरून १६ वर गेला. त्यानंतरच्या खेळाडूंचे एकूण आकडे युनायटसच्या पुढे गेले, यात नवल काय? एका काळचा आकडा दुसऱ्या काळात तसाच उचलून नेता येत नाही. १९४८ सालचा कांद्याचा भाव आजच्या भावाशेजारी मांडून कोणी स्वस्ताई ठरवत नाही, आधी रुपयाची किंमत विचारतो. धावांचीही किंमत आधी विचारली पाहिजे.

ती किंमत कशी काढायची ते भाऊसाहेब निंबाळकरांच्या डावावरून बघू. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी करंडकात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८ धावांत बाद. महाराष्ट्राच्या डावात निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. तिसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ आणि निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ हा तेव्हाचा विश्वविक्रम मोडायला दहा धावा कमी होत्या. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब पुढे खेळायला तयार झाले नाहीत. संघ मैदान सोडून गेला आणि सामना महाराष्ट्राला बहाल झाला. रणजी करंडकातली ती आजही सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या आहे. निंबाळकरांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

ही हकीकत ऐकली की मन भरून येतं आणि माणूस लगेच म्हणतो, झालं, सर्वांत मोठा हाच. पण जरा थांबा. त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, याच पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना झाला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ केल्या, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. एका सामन्यात एकूण २३७६ धावा! प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधला तो विक्रम आहे. पुण्याची खेळपट्टी त्या वर्षी फलंदाजावर किती मेहेरबान होती, ते यावरून कळतं. म्हणजे ४४३ मधला काही हिस्सा खेळपट्टीचा होता, काही दुबळ्या गोलंदाजीचा. मी हे निंबाळकरांना लहान करायला सांगत नाही. त्याच खेळपट्टीवर काठियावाडचा अख्खा संघ २३८ ला संपला होता, आणि निंबाळकर एकटे त्याच्या जवळजवळ दुप्पट खेळून गेले. तुलना करायचीच तर ती इथे करावी. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, इतरांनी काय केलं आणि याने काय केलं.

आता प्रो. दि. ब. देवधर. १८९२ सालचा जन्म, स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक. १९२६ साली आर्थर गिलिगनचा एमसीसीचा संघ भारतात आला, त्यात मॉरिस टेटसारखा गोलंदाज होता. मुंबईत अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या. भारत पहिली कसोटी १९३२ साली लॉर्ड्सवर खेळला तेव्हा देवधर चाळिशीत होते. त्यांना जागा मिळाली नाही, पुढेही नाही. पण त्यांचं मोठं काम त्यानंतरचं आहे. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षं त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. मुंबईसारखा संघ समोर असताना. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ केल्या. १९४४-४५ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकं केली, १०५ आणि १४१. त्या काळी ना हेल्मेट, ना आजच्यासारखी व्यायामाची शिस्त. त्यांच्या संघातले विजय हजारे पुढे भारताचे कर्णधार झाले आणि १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. देवधरांची धावांची सरासरी आजच्या सरासऱ्यांपुढे साधी दिसते. ती बघून त्यांना मोजणाऱ्याला मी एवढंच विचारेन: ज्या वयात माणूस खेळ सोडून गॅलरीत बसतो, त्या वयात संघ उभा करून दोनदा करंडक आणणारा दुसरा कोण दाखवाल?

मात्र माझा मुख्य मुद्दा अजून पुढे आहे. वरच्या दोघांना निदान बॅट हातात मिळाली.

पालवणकर बाळू १८७६ साली धारवाडला जन्मले. चांभार कुटुंब, वडील लष्कराच्या नोकरीत, म्हणून मुलं पुण्यात वाढली. बाळू पूना क्लबात खेळपट्टी राखायच्या कामाला होते, पगार महिना चार रुपये. जे. जी. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज नेटमध्ये त्यांची डावखुरी फिरकी खेळून सराव करी. असं सांगतात की ग्रेग आपण बाद झालो की बाळूंना आठ आणे देत असे. क्लबाच्या साहेबांनी त्यांना तासन् तास गोलंदाजी करायला लावली, फलंदाजीला मात्र कधी उभं केलं नाही. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने युरोपियनांना हरवायचं म्हणून त्यांना संघात घेतलं, तेव्हा मैदानावर एकच चेंडू सगळ्यांच्या हातांतून जाई, पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या भांड्यात चहा मिळे. हे याच शहरात घडलं, जोतीराव फुले गेल्याला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा. ज्या मंडईला आज फुल्यांचं नाव आहे तिथे उभं राहून हे सांगायचं टाळणं मला शक्य नाही.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या संघातून ते इंग्लंडला गेले. वय पस्तीस. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र दौऱ्यातल्या सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. इथे काळाचा हिशेब पुन्हा लावा. तो उन्हाळा इंग्लंडमध्ये असामान्य कडक आणि कोरडा होता, म्हणजे फिरकीला साथ देणाऱ्या ओल्या खेळपट्ट्या नेहमीपेक्षा कमीच मिळाल्या असणार. बरोबरचे गोलंदाज त्यांचा भार उचलू शकत नव्हते. एवढं असून हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं गेलं नाही. ते मिळालं त्यांच्या भावाला, विठ्ठलरावांना, १९२३ साली. भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा बाळू छपन्न वर्षांचे होते. त्या वर्षी, २४ सप्टेंबरला, पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचं नाव आहे.

मग माझं मोजमाप असं: आपल्या काळातल्या इतरांपेक्षा तो किती वर होता हे आधी बघावं. खेळपट्टी, नियम, प्रतिस्पर्धी यांचा हिशेब त्यातच घालावा. आणि त्याला काय काय नाकारलं गेलं, हेही तितक्याच काटेकोरपणे नोंदवावं. शेवटची गोष्ट आकड्यांत बसत नाही म्हणून वगळणारा माणूस इतिहास अर्धाच वाचतो. ज्याला फलंदाजी करूच दिली नाही, त्याच्या धावा मोजून तुम्ही काय ठरवणार?

ज्याला कसोटी मिळाली त्याचं नाव यादीत वर असतं, हेही मला पटत नाही. चंदू बोर्डे ५५ कसोट्या खेळले, ३०६१ धावा आणि ५२ बळी, उत्तम खेळाडू, पुण्याचा अभिमान. पण कसोटीचा आकडा नाही म्हणून देवधर किंवा बाळू त्यांच्या खाली जात नाहीत. संधी मिळणं ही खेळाडूची कामगिरी नव्हे.

माझा क्रम विचाराल तर पालवणकर बाळू पहिले, देवधर दुसरे आणि निंबाळकर तिसरे. हा क्रम ज्यांना मान्य नसेल त्यांनी प्रश्नोत्तरांच्या वेळी जरूर बोलावं. फक्त आकड्याबरोबर त्याचं साल, मैदान आणि प्रतिस्पर्धीही सांगावा.