सर्वानुमते मंजूर

श्रोतेहो, गावातल्या प्रत्येक शाळेत एक वही असते. बहुधा मुख्याध्यापकांच्या कपाटात, हजेरीपटांच्या खाली. तिच्यावर लिहिलेलं असतं, 'शाळा व्यवस्थापन समिती, इतिवृत्त'. महिन्याला तिचं एखादं पान भरतं. विषय क्रमांक एक, विषय क्रमांक दोन, आणि प्रत्येक विषयाखाली तेच वाक्य : सर्वानुमते मंजूर. खाली सह्या, दोन-चार अंगठे. मी कविता लिहिणारा माणूस. एखादा शब्द फार वेळा आला की मला त्याचा संशय येतो. हे सर्व म्हणजे कोण? आणि त्यांचं मत विचारलं कुणी?

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तो काळच तसा होता, पोराला गुरांमागून काढून शाळेत आणायचं होतं. पुढे १९२३ च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला आणि १९६२ नंतर खेड्यातली शाळा जिल्हा परिषदेची झाली. या सगळ्या काळात पालक बहुतेक शाळेच्या दाराबाहेरच राहिला. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानं त्याला आत खुर्ची दिली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांतलाच असतो, मुख्याध्यापक सचिव असतात. महिन्याला एक तरी बैठक व्हायला हवी.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण आमच्या मोहल्ल्यांत ती फारशी कुणी सांगत नाही. विनाअनुदानित खासगी शाळांना ही तरतूद लागू नाही. अनुदानित अल्पसंख्याक शाळेत ही समिती फक्त सल्ला देईल, असं २०१२ च्या दुरुस्तीनं ठरवलं. पण जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची उर्दू शाळा असेल, तर तिथल्या पालकांना मराठी शाळेतल्या पालकांइतकेच अधिकार आहेत. आपली शाळा कोणत्या खात्यात मोडते, हे आधी विचारून घ्यावं.

आता, ही समिती करू काय शकते? शिक्षक नेमणं तिच्या हातात नाही. भरती पवित्र पोर्टलवरून होते, बदल्या जिल्ह्यावरून. पण मोजदाद तिच्या हातात आहे. कायद्याचं गणित सोपं आहे. पहिली ते पाचवीच्या पटावर ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, ६१ ते ९० असतील तर तीन. म्हणजे एकसष्टावं मूल हे एका शिक्षकाचं मूल असतं! ते ऊसतोडीच्या गाडीत बसून गेलं तर आधी त्याची शाळा जाते, आणि अशी घरं वाढत गेली की पट खाली येऊन शिक्षकाची जागाही जाते. मराठवाड्यात अशा मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत हंगामी वसतिगृहं चालवली जातात. आई-बाप कारखान्याला जातात, मूल गावात राहून शिकतं. शिवाय जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसऱ्या कामाला जुंपता येत नाही, असं कायदाच म्हणतो. गुरुजी महिन्यात किती दिवस वर्गाबाहेर होते आणि कशासाठी, हे समितीनं वहीत लिहून ठेवावं. यात गुरुजींवर अविश्वास नाही. उलट गुरुजींना एकट्यानं जे वर कळवता येत नाही, ते ठराव कळवतो.

अभ्यासक्रम पुण्यात ठरतो, पुस्तकं बालभारती काढते. तिथं गावाचं काय चालणार, असं आपण म्हणतो. पण २०२५ साली काय झालं ते आठवा. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा निर्णय १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. माझ्या घरात दखनी बोलली जाते, लेखन मी मराठीत करतो, हिंदी मला परकी नाही. तरीही सहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात काय घालायचं हे त्याच्या आईबापांना विचारावं, असं मला तेव्हाही वाटत होतं. लोक बोलले म्हणून शासन थांबलं. आपल्या शाळेतलं मूल घरी कोणती भाषा बोलतं आणि वर्गात कोणत्या शब्दाशी अडतं, हे समितीनं शिक्षकांना सांगितलं, तर त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. २००४ साली तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत आग लागली, ९४ मुलं गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन चिमुरड्यांवर शाळेतच अत्याचार झाला. लोक रेल्वेरुळांवर उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्टला, शासनाचा निर्णय निघाला : सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, तक्रारपेटी. सखी सावित्री समिती शाळाशाळांत नेमायची, हे तर २०२२ सालीच ठरलं होतं. कागद आपल्याकडे कमी नाहीत. पेटी आहे; ती उघडते कोण, किती दिवसांनी, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हाती किल्ली नाही ना, हे कुणी विचारत नाही.

मी काही काळ एका समितीवर शिक्षणप्रेमी म्हणून बसत होतो. एकदा शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चर्चा चालली होती. मजुरी बुडवून आलेली एक आई कोपऱ्यात बसली होती. ती हळूच म्हणाली, "सर, टाकी होऊ द्या, पण आमच्या पोरी शाळेत पाणीच पीत न्हाईत." का, तर मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. सकाळी घरून निघालेल्या पोरी संध्याकाळपर्यंत तहान दाबून बसत. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मुख्याध्यापकांनी पेन उचललं. त्या दिवशी वहीत पहिल्यांदा एका बाईचं म्हणणं तिच्या शब्दांत लिहिलं गेलं. कडी त्याच आठवड्यात बसली. तिला लागला तो फार तर शंभर-दीडशे रुपयांचा खर्च. ही गोष्ट आम्हा शिकलेल्या पुरुषांच्या यादीत कधीच आली नसती. कायद्यानं निम्म्या जागा स्त्रियांना का दिल्या, याचं उत्तर मला अशा बैठकीतच मिळतं.

श्रोतेहो, ही समिती दर दोन वर्षांनी पालकसभेतून नव्यानं निवडली जाते. सभेची चिठ्ठी मुलाच्या दप्तरातून येते आणि बरेचदा तिथंच चुरगळते. या वेळी ती बाहेर काढा. घरातल्या बाईला सभेला पाठवा, एक दिवसाचं काम तुम्ही बघा. तिथं तीनच प्रश्न विचारा : पटावर मुलं किती आणि शिक्षक किती? माझं मूल वर्गात कुठं अडतं? आणि त्याला शाळेत भीती वाटली, तर ते कुणाजवळ बोलेल? तिसऱ्या प्रश्नाला एका माणसाचं नाव उत्तर म्हणून मिळेपर्यंत सही करू नका.