प्रथम काय कराल?



चलथाणच्या साखर कारखान्यामुळे खानदेशातून इकडे आलेल्या एका कुटुंबातील माझी जुनी विद्यार्थिनी आज परिचारिका आहे. अमेरिकेतील परवान्यासाठी ती एन्‌क्लेक्स परीक्षेचा अभ्यास करते. रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी प्रश्न वाचून दाखविण्याचे काम मजकडे.

परीक्षा मोठी चमत्कारिक. संगणकावर ५ तास. प्रश्न ८५ ते १५०. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अधिक अवघड! एप्रिल २०२३ पासून तीत रोग्याची हकीकत देऊन तिच्यावर सहा प्रश्न विचारतात. लक्षणे हेरण्यापासून केलेल्या उपायाचा परिणाम पाहण्यापर्यंत.

परवाचाच प्रश्न घ्या. शस्त्रक्रियेनंतर रोगी एकाएकी बेचैन झाला, अंथरूण ओढू लागला, असंबद्ध बोलू लागला. प्रथम काय कराल? मी म्हटले, झोपेचे औषध.

"सर, त्याने रोगी दगावायचा! मेंदूला प्राणवायू कमी पडला की माणूस असाच तळमळतो. आधी श्वास पाहायचा, मग नाडी, रक्तदाब. आत रक्तस्राव होत असला तरी पहिल्या खुणांपैकी ही एक."

मी विज्ञानाचा पदवीधर. वर्षानुवर्षे व्याख्या पाठ करून घेतल्या. व्याख्या तिलाही येत होत्या, तरी आरंभी ती अडे ती या 'प्रथम' शब्दापाशीच. चारही पर्याय बरोबर दिसतात ना! आता उत्तर चुको वा न चुको, ती वहीत कारण लिहिते.

परीक्षेचे शुल्क २०० डॉलर, अमेरिकेबाहेरील केंद्राचे आणखी १५०. आपल्या न्यासाच्या शिष्यवृत्तीत हा खर्च बसत नाही. तो बसवावा, एवढे मागण्यास मी उभा आहे.