डाळिंबाच्या बुडाशी गांडूळखत

सांगोला-आटपाडीकडे डाळिंबाचा ताण तोडायची वेळ आली, की गांडूळखताची पोती बांधावर येऊन पडतात. आज त्या पोत्याचा हिशेब करू.

पाच वर्षांच्या डाळिंबाला वर्षाला 625 ग्रॅम नत्राची शिफारस आहे. गांडूळखतात नत्र साधारण दीड टक्का. झाडाला दहा किलो घातले, तरी 150 ग्रॅमच मिळाले, आणि तेही सावकाश. सगळी भूक यावरच भागवायची तर झाडामागे चाळीस किलोहून थोडे जास्तच लागेल. परवडेल का? तेव्हा "बाकीची खते बंद करा, एवढेच टाका" म्हणणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून वाटेला लावावे.

मग घालायचे कशाला? जमिनीसाठी. गांडुळाच्या पोटातून निघालेले बारीक कण पाण्याने लगेच विरघळत नाहीत. ते ओल धरतात, त्यांच्यामधून हवा खेळते. आपली माळाची जमीन हलकी, त्यात चुनखड. लोह, जस्त असून झाडाला मिळत नाही, शेंड्याची पाने पिवळी पडतात. खतातल्या सेंद्रिय आम्लांनी ती अन्नद्रव्ये थोडी मोकळी होतात. पांढरी मुळी चालते ती अशाच जागी.

खत खोडाला लावू नका. ड्रिपरचे पाणी पडते तिथे वरची माती हलवून मिसळा आणि पाचटाने झाका. उन्हात उघडे राहिले तर त्यातले जिवाणू मरतात, पैसे वाया.

खताबरोबर गांडुळेही विकत घेऊन बागेत सोडतात, ते मला पटत नाही. खत करणारे आयसेनिया फेटिडा हे गांडूळ शेण-पाल्यात जगणारे; तापलेल्या उघड्या रानात ते टिकत नाही. रानातली देशी गांडुळे निराळी. सावली, ओल आणि कुजणारे पाचट मिळाले, की ती फुकट येतात.

घरी बेड करणाऱ्यांनी ताजे शेण घालू नये. त्याच्या उष्णतेने गांडुळे मरतात. विकतचे घेणाऱ्यांनी पोते उघडून पाहावे. खत चहापत्तीसारखे रवाळ हवे. शेणाचा वास आला तर पोते परत करा.

आणि या बहाराआधी मातीचे परीक्षण करून घ्या. सेंद्रिय कर्बाचा आकडा वहीत लिहा, पुढच्या वर्षी पुन्हा तपासा.